आजीचं आजारपण

आमच्या वर्गात वर्गणी निघाली की एका मुलीची आजी आजारी पडते. साखर कारखान्याची अभ्यासभेट ठरली, तेव्हा आजीला दवाखान्यात न्यायचं होतं. गॅदरिंगच्या साडी-डेला आजीला बघायला पाहुणे आले. वर्गाने एकसारखे टी-शर्ट छापायला टाकले, त्या आठवड्यात आजी मोरीत पडली आणि तिचा खुबा दुखावला. हे सगळं एकत्र माझ्या कानावर आलं ते स्टाफरूममध्ये, चहाच्या वेळी. हजेरीपट चाळता चाळता एक सहकारी म्हणाले, "या पोरीची आजी एकदाची बरी होऊ दे रे देवा, म्हणजे पोरगी कारखाना तरी बघेल." सगळे हसले. म्हणणारा माणूस दुष्ट नाही. गेल्या वर्षी एका मुलाचा परीक्षेचा फॉर्म शेवटच्या तारखेला अडला, तेव्हा यांनीच कुणाला न सांगता पैसे भरले होते. तरी ती आजी त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून हलेना.

कारण ही मुलगी एरवी तास चुकवत नाही. दुसऱ्या बाकावर कडेला बसते, वहीत शाईपेनाने लिहिते, आणि अंतर्गत परीक्षेत तिचा पेपर मी मुद्दाम शेवटी तपासायला ठेवते, म्हणजे उठताना मन प्रसन्न राहतं. आजी आजारी पडते ती फक्त दोनशे-तीनशे रुपयांच्या प्रसंगी. एवढी नेमकी, एवढी हिशेबी आजारपणं कुठल्याच म्हातारीला जमायची नाहीत.

आमच्या दप्तरात मात्र या मुलीची सोय झालेली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर, फी माफ, नावापुढे बरोबरची खूण. 2024 च्या जुलैमध्ये शासनाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ केली, तेव्हा तर गावोगाव असं बोललं गेलं की आता मुलींना सगळं फुकट. फी माफ होणं ही मोठीच गोष्ट आहे, ती कमी लेखणाऱ्यातली मी नाही. पण कॉलेज म्हणजे फक्त फी, असं ज्यांना वाटतं ते बहुधा फी भरणाऱ्या घरात वाढलेले असतात. जर्नल असतं, त्याचं बाइंडिंग असतं. दर दोन महिन्यांनी कुणीतरी पासपोर्ट फोटो मागतं. झेरॉक्सवाल्याकडे उधारी साठते. आणि एसटी असते. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मुलीचा पास फुकट असतो. ती एफ.वाय.ला आली की तोच रस्ता, तीच गाडी, तोच कंडक्टर, पण आता भाड्याचा एक तृतीयांश हिस्सा तिचा. पासाची सवलत चांगली घसघशीत आहे हे मान्य. तरी ज्या घरात महिन्याचा पासही एकरकमी काढता येत नाही, त्या घरातली मुलगी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात का येत नाही, हे कळायला मला नोकरीत बरीच वर्षं जावी लागली.

मी अर्थशास्त्र शिकवते. पुस्तकात रोखतेवर एक प्रकरण आहे आणि ते मुलांना फार कंटाळवाणं वाटतं. खरं तर या वर्गाला ते शिकवायची गरजच नाही. या मुलांची अडचण पैसा नसण्याइतकीच पैसा त्या तारखेला नसण्याची आहे. अर्ज पावसाळ्यात भरायचा, कागद दिवाळीपर्यंत या लॉगिनवरून त्या लॉगिनवर फिरायचे, मग एखाद्या सकाळी 'सेंड बॅक' असा शेरा दिसायचा, कारण बोनाफाइडवरचा, म्हणजे कॉलेजचा विद्यार्थी असल्याच्या दाखल्यावरचा, शिक्का फिका होता. पैसे कधी उन्हाळ्यात येतात, कधी पुढच्या वर्षाच्या पावसाळ्यात. मेसवाला मात्र पाच तारखेला विचारतो. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिच्यात वर्षाला 60,000 रुपये धरलेले आहेत: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. योजना चांगली आहे, तिच्यामुळे शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. पण भोजनाच्या 32,000 चे महिने पाडून बघा आणि मग सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, दोन वेळच्या मेसला ते किती दिवस पुरतात. आणि तेही हातात पडले तर. तोवर मित्राच्या डब्यात दुसरी पोळी, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून उपास, आणि कुणी विचारलं तर "भूक नाही रे, सकाळी उशिरा जेवलो."

ही सगळी वाक्यं मला पाठ आहेत. मी ती वापरलेली आहेत.

आमचं गाव माण तालुक्यातलं. वडील मुंबईला माथाडी कामगार, आई गावाकडे दोन शेरडं आणि पाऊस पडला तर बाजरी. गावातली बारावी झालेली मी पहिली मुलगी नव्हते, पण बारावीनंतर पिशवी उचलून साताऱ्याला गेलेली पहिली. आमच्याकडे कॉलेजच्या वर्षांनाही इयत्तांसारखंच मोजतात, त्यामुळे आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी तेरावीला हाय." तेरावीत काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. शाळेत घंटा व्हायची, सर यायचे, पुढचा तास कुठला ते फळ्यावर लिहिलेलं असायचं. इथे कुणी काही सांगत नव्हतं. वेळापत्रक एका जाळीच्या पेटीत लावलेलं, तेही टाचण्यांनी एकावर एक. पहिले काही दिवस मी ज्या खोलीत जाऊन बसत होते तो वर्ग कॉमर्सचा निघाला. पुस्तपालनाचा तास मन लावून ऐकला. वाईट नव्हता.

होस्टेलवरची माझी रूम-पार्टनर फलटणची, वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. अभ्यासात आम्ही दोघी साधारण सारख्या. पण तिला गोष्टी माहीत असायच्या. एस.वाय.ला स्पेशल विषय निवडताना पुढे एम.ए.ला काय मिळेल ते बघायचं असतं, हे तिला माहीत होतं. मार्क कमी वाटले तर पेपर पुन्हा तपासून घेता येतो, त्याचा फॉर्म असतो आणि फॉर्मला तारीख असते, हे माहीत होतं. ग्रंथालयात जाऊन सरांनी न सांगितलेलं पुस्तकही मागता येतं, हे तर मला तिच्यामुळेच कळलं. तोवर मी समजत होते की प्रत्येकाला ठरवून दिलेली पुस्तकंच मिळतात. एकदा तिला एका विषयात अनपेक्षित कमी मार्क पडले. ती जेवून उठली, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून वडिलांना फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी सरळ विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेली. तिथे काय झालं ते महत्त्वाचं नाही. मी व्हरांड्यात थांबले होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती: दार ढकलताना तिचा हात अडखळला नाही. तिच्या वडिलांनी तिला पैसे फार दिलेले नव्हते, आमचे डबे सारखेच असायचे. पण असं दार ढकलता येतं, ही माहिती तिला घरातून आली होती. ही माहिती कुठल्या प्रॉस्पेक्टसमध्ये छापत नाहीत.

मदतीचं म्हणाल तर मदत होतीच. तिची रीत मात्र आठवली की अजून कानशिलं गरम होतात. तास चालू असायचा. शिपाई नोटीस घेऊन यायचा, सर वाचायचे, "खालील सवलतधारक विद्यार्थ्यांनी कार्यालयात भेटावे," आणि मग नावं. नाव आलं की उभं राहायचं, म्हणजे सरांना खूण करता येई. साठ-सत्तर मुलांमध्ये आम्ही आठ-दहा जण उभे. कुणी हसायचं नाही, कुणी काही म्हणायचं नाही, सगळे सभ्यच होते. मी त्या वर्षी ठरवलं होतं की नोकरी लागली की पहिल्यांदा ही सवलत परत करायची. ती कशी परत करतात, कुणाला करतात, याचा पत्ताच नव्हता. वडील एकदाच आले, मुंबईहून रात्रीच्या गाडीने, पहाटे स्टँडवर उतरून तसेच. ऑफिसात उभे राहून त्यांनी दोनच प्रश्न विचारले: किती आणि कधी. क्लार्कने रुक्षपणे सांगितलं, "ते कागदावर अवलंबून आहे." वडील मान हलवून बाहेर आले आणि मला म्हणाले, "ह्यातलं मला काय कळत न्हाई. तू म्हनशील तसं." सतरा-अठराव्या वर्षी बापाने असं म्हटलं की अंगावर एकदम सगळं घर येतं. आता माझ्यासमोर पालक बसतात आणि अगदी तसंच म्हणतात, "मॅडम, आम्हाला त्यातलं कळत न्हाई, तुम्हीच काय ते बघा," तेव्हा शेजारी बसलेल्या पोराच्या चेहऱ्याकडे मी आधी बघते.

पुढे मला पुण्याला जायचं सुचलं असं नाही. टी.वाय.च्या शेवटच्या महिन्यात आमच्या एका सरांनी एक पाकीट हातात ठेवलं. आत विद्यापीठाचा एम.ए.चा प्रवेशअर्ज, पेन्सिलीने खुणा केलेल्या जागा, आणि वरती पत्ता आधीच लिहिलेला. "हे भर आणि उद्या आणून दे." तुला जायचंय का, घरचे काय म्हणतील, झेपेल का, काही नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, आणि आजी आजारी आहे असंही सांगितलं असतं. माझी आजी त्या वेळी ठणठणीत होती.

म्हणून हल्ली 'होतकरू आणि गरजू विद्यार्थ्यांनी अर्ज करावा' अशी नोटीस दिसली की मला आधी अर्ज न करणारे दिसतात. गरजूला आपण गरजू आहोत हे ठाऊक असतं, पण होतकरू आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय अर्ज करायचा म्हणजे गरिबी सिद्ध करायची, आणि गरिबीचा कागद तहसीलमधून आणावा लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा ही मराठीतली सर्वांत लहान काल्पनिक कथा असावी. आज विहिरीवर, उद्या वीटभट्टीवर, परवा घरी, अशा माणसाचं वार्षिक उत्पन्न त्याचं त्यालाच सांगता येत नाही. मग सेतू केंद्रातला मुलगा विचारतो, "किती टाकू?" आणि बाप म्हणतो, "बसंल एवढं टाका."

आमच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर एक भाऊसाहेब आहेत, निवृत्तीला आलेले. संगणकावर त्यांचा राग आहे, दोन बोटांनी टाइप करतात, पण त्यांच्या कपाटात प्रत्येक अर्जदार पोराच्या कागदांचा एक जास्तीचा झेरॉक्स संच आहे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. परिपत्रक नाही, भत्ता नाही. एप्रिलमध्ये, परीक्षा चालू असताना, ते हॉलच्या दाराशी उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला गाठून सांगतात, "उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ. तीन वर्षांचा मिळतो, तोच माग. जूनमध्ये सर्व्हर झोपलेला असतो." जातपडताळणीच्या व्हॅलिडिटीसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला लागतो आणि आजोबा शाळेतच गेले नव्हते, अशी पोरं त्यांच्याकडे येतात. मग चुलत आजोबांचा शोध, मग गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, मग जुन्या नोंदी वाचणारा माणूस. एका मुलाच्या अशा शोधात त्यांनी स्वतःची रजा घालवली. मी एकदा विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? म्हणाले, "माझ्या पोराच्या वेळी मला कुणी सांगितलं नाही." बोलणं संपलं, शिक्का उचलला.

मेंटॉर-मेंटी नावाची व्यवस्था आमच्याकडे आहे. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असली की तिचं रजिस्टर फार सुंदर भरलेलं असतं. यूजीसीने 2019 मध्ये नवागतांसाठी 'दीक्षारंभ' आणला, तोही आम्ही साजरा करतो, फुलं, दीपप्रज्वलन, संस्थेचा इतिहास. तीन तासांच्या कार्यक्रमात बोनाफाइड म्हणजे काय आणि ते कुठल्या खिडकीवर मिळतं हे एकही वक्ता सांगत नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच असतं ना! या 'सगळ्यांना'त कोण कोण येतं, त्याची मोजदाद मात्र कुठल्या रजिस्टरात नाही.

दसरा चौकातून जाताना मी नेहमी थोडी रेंगाळते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकामागून एक वसतिगृहं उभी राहत गेली, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंगही. जयंतीच्या भाषणांत हे सगळं येतं. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जातं. फी माफ करून भागणार नाही हे त्यांना त्या काळी कळलेलं होतं. खेड्यातून आलेला मुलगा रात्री कुठे झोपणार आणि सकाळी काय खाणार, हा पहिला प्रश्न त्यांनी पहिलाच ठेवला. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीरावांची महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण त्या दोघांच्या मध्ये केळुस्कर गुरुजी होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या एका मुलाला त्यांनी हेरलं, वाचायला पुस्तकं दिली, आणि पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. बुद्धी बाबासाहेबांची, पैसा सयाजीरावांचा, आणि दार दाखवणारे केळुस्कर. आज पहिले दोन्ही बऱ्यापैकी आहेत. केळुस्करांच्या जागी आपण पोर्टल बसवलं आहे.

आणि कर्मवीर भाऊराव पाटील. आम्ही सातारकडची माणसं, त्यांच्याबद्दल लिहिताना भाबडेपणा येतोच. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही, हे आमच्याकडे आया मुलांना झोपवताना सांगतात. मला त्या बोर्डिंगातला आणखी एक भाग फार मोठा वाटतो. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि सगळीच काम करत. कुदळ सगळ्यांच्याच हातात असल्यावर ती गरिबीची खूण राहत नाही. आज विद्यापीठांत, कॉलेजांत 'कमवा आणि शिका' त्यांच्याच नावाने चालते. बागेत पाणी घालणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ऑफिसात फायली. ती बंद व्हावी असं मी कधीच म्हणणार नाही, तिच्या पैशांवर कितीतरी पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरले गेले आहेत. पण दुपारी दोनच्या उन्हात एक मुलगा गुलाबाच्या आळ्यांत खुरपणी करतोय आणि त्याच्याच वर्गातली मुलं समोरच्या कट्ट्यावर चहा पितायत, तो मुलगा पाठमोरा बसून खुरपतोय, हे बघताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. एकीकडे वाटतं, कष्टाची लाज कशाची? दुसरीकडे वाटतं, कष्टाची लाज नसावी हे शिकवायचं तर कट्ट्यावरच्यांनाही खुरपं द्यायला हवं. ते कुणी देत नाही. स्वावलंबन फक्त गरिबांनीच शिकायचं, असं हळूहळू होऊन बसलंय.

2024 मधली ती बातमी तुम्हीही वाचली असेल. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी कामगाराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. 17,500 रुपये 24 जूनला संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. घरच्यांनी इकडून तिकडून पैसे जमवले, पण ऑनलाइन भरताना काही मिनिटांसाठी वेळ टळली आणि जागा गेली. मुलगा एकेक दार ठोठावत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 30 सप्टेंबरला न्यायालयाने घटनेच्या कलम 142 खालचे विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. नंतर रात्री विचार करत बसले की हे 17,500 रुपये जमवायला लागलेला वेळ पोर्टलच्या हिशेबात कुठे धरलेला असतो. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याच्यासाठी अंतिम तारीख म्हणजे एक बटण. दुसऱ्याच्या घरी त्या तारखेच्या आधी सावकार असतो, मेहुणा असतो, विकायला काढलेली शेळी असते आणि मग बटण. आणि सुप्रीम कोर्टात न गेलेल्यांची बातमी होत नाही. ते कुठल्यातरी गॅरेजमध्ये, रसवंतीवर, मेडिकलच्या काउंटरमागे असतात. "मध्येच सोडलं मॅडम," एवढंच म्हणतात आणि सुट्टे पैसे परत करतात.

आजीचं पुढे काय झालं, ते सांगते. त्या मुलीला मी काही विचारलं नाही. विचारून तिची आजी हिरावून घेण्यात काय अर्थ होता? तिने रचलेली ती भिंत होती, आणि आत तिचं मानाने राहणं चालू होतं. आम्ही विभागात बसून एवढंच ठरवलं की पुढच्या अभ्यासभेटीला वर्गणी काढायची नाही. एका माजी विद्यार्थ्याच्या मामांची बस आहे, त्याने डिझेलवर दिली. जेवणाचे डबे घरून, सगळ्यांचे, आमचेही. 'ज्यांना अडचण आहे त्यांनी मॅडमना खासगीत भेटावे' हे वाक्य नोटिशीत कुणीतरी घातलं होतं, ते मी काढून टाकलं. एका सहकाऱ्यांना हे पटलं नाही. म्हणाले, ऐपत असलेल्यांची पोरंही फुकटात जातील, हा पैशाचा अपव्यय आहे. अर्थशास्त्र म्हणून त्यांचं बरोबर आहे, मीही परीक्षेत हेच उत्तर बरोबर धरीन. तरी त्या दिवशी आजी बरी होती. मुलगी आली, बॉयलर हाउसच्या आवाजात ती कामगाराला ओरडून ओरडून प्रश्न विचारत होती, आणि मळीच्या वासाने आमच्यातले निम्मे नाकाला रुमाल लावून उभे असताना हिने साखरेच्या उताऱ्याचा हिशेब वहीत उतरवून घेतला.

याने सगळं मिटतं असं नाही. डिझेल दरवर्षी कोण देणार? आणि टी-शर्ट आहेतच, फेअरवेल आहे, मुलं आपसात काय काय ठरवतात त्यावर आमचं काही चालत नाही. एफ.वाय.च्या पहिल्या तासाला मी आता मागणी-पुरवठा सुरू करत नाही. ऑफिसच्या खिडक्या कुठल्या, बोनाफाइड कशाला, एटीकेटी म्हणजे काय, स्टाफरूममध्ये यायला कारण लागत नाही, सरांना न समजलेलं दोनदा विचारता येतं, हे सगळं फळ्यावर लिहिते. पुढच्या बाकांवरची काही मुलं कंटाळतात, त्यांना ते येत असतं. मागे एखादी वही उघडते आणि कुणीतरी 'स्टाफरूममध्ये यायला कारण लागत नाही' हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतं. मग पंधरा दिवसांनी दारात येऊन विचारतं, "मॅडम, आत येऊ का? कारण काही नाही."

परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. बी.ए. होऊन दोन-तीन वर्षं झाली, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत आहे. नमस्कार वगैरे झाल्यावर थेट मुद्द्याला आली. तिच्या चुलतभावाचा इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडमध्ये नंबर लागला होता. "मॅडम, मिळालेली जागा फ्रीझ करू की पुढच्या फेरीत बेटरमेंटला थांबवू? मागच्या वर्षीचे कटऑफ मी काढलेत, पण तिथल्या होस्टेलची यादी नंतर लागते आणि जागा धरायची तर आत्ता पैसे भरायला लागतील. दुसरं म्हणजे त्याची व्हॅलिडिटी अजून समितीकडे आहे, पावती चालेल ना? किती दिवस चालेल?" मी कागद-पेन घेतलं. यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती आणि तसं मी सांगितलं. "मग भाऊसाहेबांना विचारून ठेवाल? मी चारला परत फोन करते," ती म्हणाली. गावातले अजून तीन अर्ज तिच्याच मोबाइलवरून भरायचे होते आणि त्यांच्या ओटीपींची वेळ होत होती. सायबर कॅफेवाला अर्जाला जेवढे घेतो त्याच्या निम्मे ती घेते, तेही चुलत्यांकडूनच. "फुकट केलं ना मॅडम, की लोक दाखला आणायला विसरतात."

भाऊसाहेब जेवायला गेले होते. मी त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: व्हॅलिडिटीची पावती, मुदत, होस्टेलची तारीख. चारच्या आधी.